दहा किलो, दोन बोटं

दीडशे सीसीची साधी मोटारसायकल घ्या. तिचं इंजिन साधारण १४ अश्वशक्तीचं. गाडी घेताना आपण हाच आकडा विचारतो, नाहीतर मायलेज. शून्यापासून ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठायला या इंजिनाला पाच सेकंदांच्या आसपास लागतात. आता तीच गाडी ६० वरून कोरड्या डांबरी रस्त्यावर नीट ब्रेक लावून थांबवा. दोन सेकंद आणि वर थोडं, एवढ्यात ती उभी राहते. गाडी १४५ किलोची, चालवणारा ७५ किलोचा, मिळून २२० किलो. या वेगाला त्यात ३० हजार जूलहून जास्त ऊर्जा भरलेली असते आणि ती सगळी त्या दोन सेकंदांत काढून घ्यायची असते. ब्रेक पूर्ण लागल्याच्या पहिल्या क्षणी ही ऊर्जा ज्या दराने जिरते, तो दर अश्वशक्तीत मांडला तर ३९ भरतो. गाडीतलं सगळ्यात ताकदवान यंत्र पुढच्या चाकावर बसवलेलं असतं, आणि ते चालतं उजव्या हाताच्या बोटांनी.

ही बोटं किती काम करतात याचा हिशेब मांडून पाहिला की माणूस थक्क होतो. समजा, तर्जनी आणि मध्यमा या दोन बोटांनी लिव्हरवर १० किलोंचा जोर दिला. दहा किलो म्हणजे भरलेली पाण्याची बादली, त्याहून जास्त नाही. लिव्हर ही तरफ आहे आणि ती हा जोर पाचपट करते, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर ५० किलो येतात. या पिस्टनचा व्यास साडेबारा मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा तोंडावर एवढं बल आलं की ब्रेक ऑइलमध्ये सुमारे ४० बार दाब तयार होतो. तुमच्या टायरमध्ये जेमतेम २ बार हवा असते. समुद्रात ४० बार दाब अनुभवायचा तर ४०० मीटर खोल जावं लागेल.

कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडलं. त्याचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. आपल्या पुढच्या ब्रेकची नळी हा त्या नियमाचा रोजचा पुरावा आहे. नळीच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिपरमध्ये, ३० मिलिमीटर व्यासाचे दोन पिस्टन असले तर त्याच ४० बारचं बल तिथे ५७० किलोंच्या घरात जातं. पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी तेवढ्या जोराने चिमटतात. घर्षण आणि डिस्कची त्रिज्या यांचा हिशेब करून शेवटी टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे गाडीला मागे ओढणारं बल उरतं साधारण १७५ किलोंचं. बोटांनी दिलेल्या दहाचे १७५ झाले. अर्थात फुकट काही मिळत नाही. बोटं दीडएक सेंटिमीटर सरकतात तेव्हा कुठे पॅड मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढे हलतात. (गाडीगणिक हे आकडे बदलतील, पण पल्ला हाच राहील.)

हे १७५ किलो म्हणजे २२० किलोंच्या गाडीला ०.८ जी मंदन. एक जी म्हणजे वस्तू खाली पडताना तिला मिळणारं त्वरण. या दराने ६० च्या वेगावरची गाडी १८ मीटरांत थांबते. फक्त मागचा ब्रेक दाबून तीच गाडी थांबवायला गेलात तर ०.३५ जीच्या वर जाणं अवघड, आणि अंतर ४० मीटर होतं. ४० आणि १८ यांतला फरक मीटरांत वाचला की फारसा टोचत नाही, म्हणून वेगात सांगतो. पुढचा ब्रेक वापरणारा जिथे पूर्ण थांबला, त्या जागेवरून मागचाच ब्रेक दाबणारा अजून ताशी ४५ च्या वेगाने जात असतो. दोघांनी ब्रेक एकाच खुणेवर लावलेला असतो, हे लक्षात घ्या.

असं का होतं याचं उत्तर वजनात आहे. गाडी उभी असताना २२० किलोंपैकी ११० पुढे, ११० मागे असं धरू. ब्रेक लागला की शरीर आणि गाडी पुढे झुकते, पुढचे शॉकअब्सॉर्बर दबतात आणि ०.८ जीला मागच्या चाकावरचे ८१ किलो पुढच्यावर येतात. पुढे १९१, मागे फक्त २९. ज्या चाकावर २९ किलोच उरले त्याच्याकडून थांबवण्याची अपेक्षा किती ठेवायची? ते लॉक होतं, फरफटतं, आडवं येतं आणि रस्त्यावर काळी रेघ उमटवतं. ती रेघ पाहून लोक म्हणतात, ‘बघ, किती करकचून ब्रेक मारला होता.’ प्रत्यक्षात त्या रेघेत गाडी थांबवण्याचं काम फारच थोडं झालेलं असतं.

टायरचा रस्त्याला टेकलेला भागही वजनाबरोबर वाढतो. टायरमधला दाब आणि वरचं वजन यांवरून ढोबळ हिशेब केला तर उभ्या गाडीच्या पुढच्या टायरचा साधारण ५५ चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला लागलेला असतो, एटीएम कार्डापेक्षा जरासा मोठा. पूर्ण ब्रेकमध्ये तो ९५ च्या आसपास जातो, म्हणजे दोन कार्डं. तुमचं आणि पाठीमागे बसलेल्या माणसाचं आयुष्य त्या वेळी या दोन कार्डांवर असतं.

‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील.’ महाराष्ट्रात गाडी शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं असतं, बहुधा सायकल शिकतानाच. सायकलसाठी ते खरंही आहे. सायकलवर माणसाचं वजन उंचावर असतं आणि दोन चाकांतलं अंतर कमी, त्यामुळे अर्ध्या जीच्या थोडं वर गेलं की मागचं चाक उचलतं. मोटारसायकल लांब आणि बुटकी. आपल्या उदाहरणातल्या गाडीचं मागचं चाक उचलायला १.०९ जी लागेल, आणि रोजच्या रस्त्यावर साध्या टायरला एवढी पकड बहुतेक वेळा मिळतच नाही. सायकलचा सल्ला मोटारसायकलला लावल्यामुळे आपण कित्येक वर्षं पोरांना त्यांच्या गाडीचा सगळ्यात चांगला ब्रेक वापरू नको म्हणून शिकवत आलो आहोत. हे थांबायला हवं.

मग पुढचा ब्रेक मारल्यावर माणसं पडतात ती का? पडतात, हे खरं आहे. त्याचं कारण पहिल्या तीन दशांश सेकंदांत असतं, आणि या साऱ्या विषयातला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा हिशेब तोच आहे.

घाबरून सगळी बोटं एकदम आवळली आणि ते १० किलो एका झटक्यात लिव्हरवर पडले, तर वजन अजून पुढे आलेलं नसतं. पुढच्या चाकावर ११० किलोच आहेत. एवढ्या वजनावर चांगला कोरडा रस्तासुद्धा जेमतेम १०० किलोंचं बल पेलू शकतो, आणि ब्रेक मागतो आहे १७५. उरलेले ७५ किलो चाकाला थांबवण्यावर खर्च होतात. ताशी ६० ला सेकंदात जवळपास नऊ फेरे मारणारं चाक दशांश सेकंदाच्या आसपास थबकतं. म्हणजे त्याला आणखी एक फेरासुद्धा पुरा करता येत नाही. चाक थबकलं की हँडल निरुपयोगी होतं आणि गाडी अंगाखालून निघून जाते.

आता तेच १० किलो पाव ते तीन दशांश सेकंदात चढवत न्या. आधी पॅड डिस्कला टेकतील एवढंच, मग शॉकअब्सॉर्बर बसत जातील तसं दाबत जायचं. वजन पुढे सरकतं, टायर पसरतो, पकड वाढते, आणि ज्या जोराने मघाशी चाक लॉक झालं होतं त्याच जोराने आता गाडी १८ मीटरांत उभी राहते. बोटं तीच, रस्ता तोच, जोरही तोच. फरक तीन दशांश सेकंदांचा. त्यामुळे ‘किती जोरात दाबायचा’ यापेक्षा ‘कसा चढवत न्यायचा’ हे शिकायला जास्त वेळ लागतो, आणि ते डोक्याने कळून पुरत नाही, बोटांना कळावं लागतं.

एबीएस असलेल्या गाडीत चाक थबकू लागलं की यंत्रणा दाब सोडते आणि पुन्हा लावते, सेकंदात अनेकदा. मोटारसायकलवर ही सोय बीएमडब्ल्यूने १९८८ साली के १०० वर आणली. आपल्याकडे १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाक्यांना एप्रिल २०१९ पासून ती सक्तीची झाली, लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणाऱ्या सीबीएसवर भागवण्याची मुभा मिळाली. त्यामुळे एबीएस नसलेल्या लाखो दुचाक्या आजही रस्त्यावर आहेत आणि त्यांचा एबीएस म्हणजे चालवणाऱ्याची बोटं.

प्रत्यक्ष अपघातात बोटं काय करतात याचा सगळ्यात प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेत झाला. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली, ३,६०० पोलिस अहवाल चाळले आणि १९८१ साली निष्कर्ष छापले. धोका दिसण्याआधीचा मध्यक वेग होता ताशी ४८ किलोमीटर, आदळतानाचा ३५. म्हणजे साध्या शहरी वेगाचे अपघात. आणि धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत चालकाला मिळालेला वेळ होता दोन सेकंदांहून कमी. या वेळात नेमकी होणारी चूकही अहवालाने नोंदवली: मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवणं आणि पुढचा ब्रेक पुरेसा न वापरणं. आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या रस्त्यांवर आजही हेच घडताना दिसतं.

दोन सेकंद. त्यातला साधारण एक डोळ्याने पाहून मेंदूने ठरवण्यात जातो. बोटं मुठीला घट्ट आवळलेली असतील तर त्यांनी मूठ सोडायची, लिव्हरपर्यंत जायचं, लिव्हर पकडायची, आणि मग दाब. यात पाव सेकंद जास्त गेला असं धरा. ताशी ६० ला पाव सेकंदात गाडी सव्वाचार मीटर जाते. सव्वाचार मीटर म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण ज्याची बोटं आधीच लिव्हरवर होती तो ज्या रेषेवर पूर्ण थांबला, त्याच रेषेवर पाव सेकंद उशीर करणाऱ्याचा वेग असतो ताशी २९ किलोमीटर! पहिल्याची गाडी समोरच्या रिक्षाला न लागता थांबली, तर दुसरा ३.३ मीटर उंचीवरून पडल्यासारखा तिच्यावर आदळतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पडणं आणि न पडणं, एवढा अर्थ आहे या पाव सेकंदाला. कारण ब्रेकमध्ये दर मीटरामागे वेग सुरुवातीला हळू उतरतो आणि जवळपास निम्मा शेवटच्या चारेक मीटरांत जातो. त्या शेवटच्या मीटरांवर कोणी उभं असलं तर आधीच्या सगळ्या मीटरांचा उपयोग अपुरा पडतो.

म्हणून गर्दीत, चौकात, शाळेसमोर, उभ्या एसटीच्या बाजूने जाताना दोन बोटं लिव्हरवर टेकवून ठेवावीत. नुसती टेकवून, दाबून नव्हे.

पण दोनच का, आणि हीच का? बोटांमध्ये त्यांना वाकवणारे स्नायू नसतातच. ते मुख्यतः कोपरापुढच्या हातात असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. तर्जनीची ओढ बरीचशी स्वतंत्र असते. मध्यमा, अनामिका आणि करंगळी मात्र एकमेकींत गुंतलेल्या असतात, एक आवळली की शेजारची मागोमाग येते. त्यामुळे बारीक दाब देण्याच्या कामात तर्जनी हवीच, आणि ताकदीसाठी तिच्या जोडीला सगळ्यात जोरकस मध्यमा. मागे उरलेली अनामिका आणि करंगळी अंगठ्यासह मूठ धरून ठेवतात, रेस सोडतात आणि हँडल सरळ राखतात. चारही बोटं लिव्हरवर गेली की मूठ फक्त अंगठा आणि तळव्याच्या भरवशावर राहते, आणि घाबरून आवळताना मनगट खाली जाऊन रेस वाढण्याचा धोका असतो. ब्रेक लागतोय आणि इंजिन ढकलतंय, अशी विचित्र ओढाताण तिथे सुरू होते.

पण हा नियम आंधळेपणाने लावू नये. सुदृढ पुरुषाच्या मुठीची पूर्ण ताकद साधारण ४० किलोंच्या पुढे असते, स्त्रीची २५ च्या पुढे, आणि दोन बोटांच्या वाट्याला त्यातली साधारण निम्मी येते. डिस्क ब्रेकला १० किलो लागत असतील तर बहुतेकांना दोन बोटं पुरतात. पुढे ड्रम ब्रेक असेल, जसा हिरो स्प्लेंडरच्या साध्या मॉडेलला १३० मिलिमीटरचा असतो, तर तिथे तेलाऐवजी वायर आहे, गुणाकार कमी आहे, जोर जास्त लागतो. अशा गाडीवर चार बोटं हाच बरोबर मार्ग. ज्यांचा हात लहान किंवा अशक्त आहे त्यांनीही तीन-चार बोटं वापरावीत, त्यात कमीपणा नाही. आंतरराष्ट्रीय ब्रेक चाचणीत लिव्हरवर जास्तीत जास्त २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलो, एवढाच जोर मान्य आहे. तुमच्या गाडीला त्याहून जास्त लागत असेल तर दोष बोटांत नाही, ब्रेकमध्ये आहे. गाडी मेकॅनिककडे न्या.

लिव्हरवर बोटं कुठे पडतात यानेही मोठा फरक पडतो. बिजागरीपासून १२ सेंटिमीटरवर धरलेली लिव्हर २ सेंटिमीटर आत, म्हणजे १० वर धरली की त्याच परिणामासाठी १० किलोंऐवजी १२ लागतात. म्हणून बोटं होईल तितकी टोकाकडे हवीत. लिव्हर बोटाच्या टोकावर न घेता पहिल्या आणि दुसऱ्या पेरामधल्या घडीजवळ घ्यावी. आणि एक तपासणी आजच करा: दोन बोटांनी लिव्हर पूर्ण दाबा. ती मुठीवर उरलेल्या बोटांना येऊन चेपत असेल तर ब्रेक ऑइलमध्ये हवा आहे किंवा लिव्हर मुठीच्या फार जवळ लावली आहे. अशा गाडीत ऐन वेळी तुमचीच बोटं तुमचा ब्रेक अडवतील.

शर्यतीत हेच आकडे कुठे जातात ते पाहण्यासारखं आहे. २०२३ साली इटलीत मुजेलोला ब्रॅड बिंडरने मोटोजीपीत ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग नोंदवला. या वेगाला सेकंदात १०१ मीटरांहून जास्त अंतर मागे पडतं. गाडी किमान १५७ किलोची, वर चालक आणि इंधन. ऊर्जा साधारण १२ लाख जूल, म्हणजे आपल्या ६० च्या गाडीच्या चाळीसपट. कार्बनच्या ३२० ते ३५५ मिलिमीटरच्या डिस्क शेकडो अंश तापतात आणि गार असताना त्या धड चालतही नाहीत. मंदन दीड जीपर्यंत जातं. तिथेही ब्रेक बोटांनीच लागतो. १९९२ साली असेनला पाय मोडल्यावर शर्यतपटू मिक डूहानला मागच्या ब्रेकचं पेडल नीट दाबता येईना, तेव्हा तो ब्रेक त्याच्या डाव्या अंगठ्याला जोडला गेला. पुढे त्याने १९९४ ते १९९८ अशी सलग पाच जगज्जेतेपदं मिळवली.

आपल्या वाट्याला मुजेलो नाही, पण घाट आहेत. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे १,३०० मीटर खाली येते. २२० किलोंसाठी ही ऊर्जा २८ लाख जूल होते, ६० वरून नव्वदहून जास्त वेळा थांबण्याएवढी. ती सगळी पाण्यात घातली तर नऊएक लिटर पाणी उकळायला लागेल. डबलसीट आणि सामान असेल तर आणखी. वळणावळणाला लिव्हर धरूनच खाली आलात तर यातला मोठा भाग एका पातळ डिस्कमधून आणि चमचाभर तेलातून जातो. डॉट ४ प्रतीचं ताजं ब्रेक ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषतं आणि जुनं झालं की १५५ अंशांच्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि लिव्हर मुठीपर्यंत येऊनही ४० बार तयार होत नाहीत. पास्कलचा नियम कोंडलेल्या द्रवाचा आहे, वाफेचा नाही. म्हणून घाटात खालचा गिअर ठेवा, इंजिनाला काम करू द्या आणि तेल वेळच्या वेळी बदला.

पावसात पकड कमी होते. ०.८ ऐवजी ०.५ जी धरला तर १८ मीटरांचे २८ होतात. ओल्या झेब्रा पट्ट्यांवर आणि खडीवर याहून वाईट. अशा जागी पुढचा ब्रेक सोडून देऊ नका, दाब आणखी हळू चढवा, मागच्याची जोड द्या आणि वेग आधीच उतरवा. गाडी वळणात झुकलेली असताना मात्र टायरची बरीच पकड झुकण्यातच गेलेली असते, म्हणून ब्रेकचं काम वळणाआधी सरळ रस्त्यावर उरकून घ्यावं.

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. दिवसाला २०५, दर सात मिनिटांना एक. यांतल्या किती जणांना पुढचा ब्रेक वाचवू शकला असता हे कोणी सांगू शकणार नाही. पण आपण लायसन्स देताना गाडीने आठचा आकडा काढायला लावतो आणि ६० वरून थांबायला कोणी नीट शिकवत नाही, हे मला मान्य होत नाही.

ते शिकायला एक मोकळं, कोरडं, खडी नसलेलं मैदान पुरेल. हेल्मेट, हातमोजे आणि बूट घाला. ताशी ३० पासून सुरुवात करा, गाडी सरळ ठेवा, नजर समोर. दोन बोटं टेकवा, शॉकअब्सॉर्बर बसेपर्यंत थांबा, मग दाबत जा. थांबलात तिथे दगड ठेवा आणि पुन्हा या. हात बसला की ४०, मग ५०. चाक जरा जरी थबकल्यासारखं वाटलं तर लगेच लिव्हर सोडा आणि परत हळू लावा. घरात जो नुकताच गाडी शिकला असेल त्यालाही बरोबर न्या, आणि त्याला पुढच्या ब्रेकची भीती घालू नका, तो कसा लावायचा ते दाखवा.